आज तुझी चिंधी कोणत्या रंगाची? लहान मुलांशी रंगांतून भावना बोलताना

आमच्या बालवाडीतली साडेचार वर्षांची एक मुलगी एका सोमवारी आली ती दारातच घुटमळत राहिली. काय झालं विचारलं, तर मान हलवून "काही नाही". डबा उघडला नाही, ठोकळ्यांना हात लावला नाही. दुपारी तिच्यापुढे कागद आणि खडू ठेवले आणि म्हटलं, "आत्ता तुला जसं वाटतंय ना, त्या रंगाचा खडू घे." तिनं लाल उचलला आणि अख्खा कागद लाल करून टाकला. तेव्हा आमच्या भिंतीवर एक छापील तक्ता होता: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, हिरवा म्हणजे शांत. मी तक्त्याकडे एक नजर टाकली आणि बिनधास्त विचारलं, "राग आलाय का कुणाचा?" तिनं पुन्हा मान हलवली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आजी गेली. एस.टी.तून."

तो लाल रंग एस.टी.चा होता.

तक्ता मी त्याच आठवड्यात उतरवला. त्यानंतर मुलांबरोबर जे करत गेले, त्यातलं टिकलेलं इथे लिहिते आहे. घरी पहिल्यांदाच हे करू बघणारे आईबाबा, आजी-आजोबा आणि नव्यानं रुजू झालेल्या बालवाडी-अंगणवाडीच्या ताया डोळ्यांपुढे आहेत. मुलांचं वय साधारण तीन ते सात. त्याआधी घाई करू नका. अडीच वर्षांचं मूल दिसेल त्याला "लाल" म्हणतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. रंग ओळखणं आधी येतं, त्याचं नाव तोंडात बसायला वेळ लागतो.

आधी तक्त्याचं बघू

बाजारात मिळणारे बहुतेक तक्ते इंग्रजीवरून उचललेले असतात. निळा म्हणजे उदास हे इंग्रजी वाक्प्रचारातून आलंय, हिरवा म्हणजे मत्सर हेही तिथलंच. मराठी घरात हिरवा म्हणजे हिरवा चुडा, हिरवा शालू, डोहाळजेवणाची साडी. निळा म्हटलं की कृष्ण आठवतो, आभाळ आठवतं. रडू आठवत नाही. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना शाळेत निळ्याचा तो अर्थ कानावर पडतो. त्यांना सरळ सांगावं, "शाळेत तसं म्हणतात, आपल्याकडे वेगळं म्हणतात." मुलांना दोन भाषा चालतात तसे दोन अर्थही चालतात.

आपल्याकडे तर याचा फार जुना हिशेब मांडलेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, आठ रसांना आठ रंग दिले आहेत. रौद्राला लाल, भयानकाला काळा, हास्याला पांढरा, अद्भुताला पिवळा, वीराला गौर, शृंगाराला श्याम, बीभत्साला निळा, आणि करुणाला कपोत, म्हणजे पारव्याचा राखाडी. निळा इथे किळसेचा आहे आणि दुःख पारव्याच्या रंगाचं. मला स्वतःला ते पारव्याचं फार पटतं. पण मुलांपुढे हाही तक्ता म्हणून टांगायचा नाही. तो तुमच्यासाठी आहे: एवढ्या मोठ्या शास्त्रातलं कोष्टकसुद्धा बाजारातल्या कोष्टकाशी जुळत नाही, हे लक्षात राहावं म्हणून.

मग सगळंच मनाचं असतं का? तसंही नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तीस देशांतल्या साडेचार हजारांहून जास्त लोकांना बारा रंगांची नावं देऊन कोणत्या भावना आठवतात ते विचारलं होतं. उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी जुळली. लाल बहुतेकांना रागाचा वाटला आणि प्रेमाचाही, काळा दुःखाचा, पिवळा आनंदाचा. पण चीनमध्ये पांढरा दुःखाकडे झुकला, ग्रीसमध्ये जांभळा. शेजारच्या देशांची आणि जवळच्या भाषांची उत्तरं एकमेकांशी जास्त जुळली. म्हणजे थोडं सगळ्या माणसांचं सारखं, थोडं आपापल्या गावाचं आणि भाषेचं. त्यावर मुलाचं स्वतःचं असं काही असतं, तिथे आपल्याला पोचायचंय.

सामान

महागडं काही लागत नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी चालवली ती आसपास मिळणारे दगड, पानं, बिया वापरून. तोच शिरस्ता ठेवा.

मेणाचे खडू, पाठकोरे कागद, जुनी वर्तमानपत्रं आणि एक आरसा. सगळ्यांत कामाची वस्तू म्हणजे शिंप्याकडच्या चिंध्या. ब्लाउजपीसचे उरलेले तुकडे तो बहुधा फुकट देतो आणि त्यात असे रंग निघतात की खडूंच्या डबीत सापडणार नाहीत: आमसुली, मोरपंखी, डाळिंबी, राणी, अबोली, चिंतामणी. ही नावं मुलांना जरूर सांगा. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि एक दोरीही लागेल.

डाळी आणि कडधान्यांचे रंगही सुरेख दिसतात, पण तीन-साडेतीनच्या मुलांना मूग-मसूर खेळायला देऊ नका. नाकात जातो, कानात जातो, मग डॉक्टरांकडे पळापळ. पाचच्या पुढे, तेही तुम्ही समोर बसलेले असाल तरच.

राखाडी, तपकिरी आणि काळा हे रंग मुद्दाम ठेवा. "मुलांना छान छान रंग द्यावेत" म्हणून मोठी माणसं ते बाजूला काढतात. मग ज्याला छान वाटत नाहीये त्या मुलानं काय उचलायचं?

पायरी पहिली: रंग बाजूला ठेवा, आधी शब्द

नव्या ताया इथेच चुकतात. थेट रंगांपासून सुरुवात करतात आणि मूल रंग पाठ करतं: "लाल म्हणजे राग". राग म्हणजे काय ते राहूनच जातं.

पहिला आठवडा फक्त चार शब्द घ्या: खूश, राग, रडू येणं, भीती. तेही घरात बोलतात तसेच. "आनंदित", "भयभीत" हे पाठ्यपुस्तकात ठीक. मुलाच्या घरी "भ्या वाटतं" म्हणत असतील तर तोच शब्द घ्या. भावना आधी घरच्या बोलीत कळते. प्रमाण शब्द मागून येतो.

आरशापुढे उभं राहून तोंडं करायची. मग अंग विचारायचं: "राग येतो तेव्हा हात काय करतात? पोटात काय होतं?" मुठी वळतात, कान तापतात, पोटात गोळा येतो, पाय जड होतात. मुलांना हे सगळं माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

चार शब्द रुळले की मराठीचा पेटारा उघडा. रुसणं वेगळं, रागावणं वेगळं. हिरमुसणं वेगळं, रडणं वेगळं. खट्टू, कावराबावरा, ओशाळणं, कंटाळा, हेवा, हुरहुर. रुसव्याची एक खूण मुलं पटकन सांगतात: रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं, रागावलेल्याला कुणी जवळ यायलाच नको असतं. हा फरक एका पाच वर्षांच्या मुलानं मला समजावला होता.

पायरी दुसरी: भाषेतले रंग शोधा

आपण मुलांपुढे रोज बोलतो त्यातच रंग आहेत. रागानं लालबुंद झाला. भीतीनं पांढराफटक पडला. चेहऱ्याचा रंगच उडाला. काळजीनं चेहरा काळवंडला. चोरी पकडल्यावर गोरामोरा झाला. रंगाचा बेरंग झाला. आजीकडून अशी वाक्यं गोळा करायला सांगा. घरी हा खेळ जेवताना होतो आणि आजी-आजोबा त्यात सगळ्यांत पुढे असतात.

एक पथ्य पाळा. "राग आला की गाल लाल होतात" असं चित्र दाखवून सांगतात, पण आपल्याकडच्या पुष्कळ मुलांचे गाल लाल दिसतच नाहीत. सावळ्या मुलाला आरशात बघून वाटतं की आपला राग खोटा. म्हणून "गाल लाल" म्हणण्यापेक्षा "कान गरम" म्हणा. रक्त सगळ्यांच्याच चेहऱ्याकडे धावतं, कुणाला दिसतं, कुणाला नुसतं जाणवतं. हातानं कान चाचपून बघायला मुलांना गंमतही वाटते.

पायरी तिसरी: रंग निवडायचा मुलानं

आता चिंध्या पसरा. गोधडीवर किंवा सतरंजीवर, सगळ्या एकदम दिसतील अशा. आधी तुम्ही निवडा. "काल रात्री वीज गेली आणि मी घरी एकटीच होते. मला हा रंग वाटला." एवढं बोलून थांबा. आणि दर वेळी वेगळा रंग उचला, नाहीतर मुलं तुमची नक्कल करतात. आठवडाभर मी आमसुली उचलत होते, तर सगळ्या वर्गाची भीती आमसुली झाली.

मग मुलांना डोळे मिटून एखादा प्रसंग आठवायला सांगा आणि त्याचा रंग उचलू द्या. प्रसंग नेमका द्यावा. "आनंद झाला की" असं मोघम नको. "मामाच्या घरी पोचलात आणि मामानं उचलून घेतलं", "गर्दीत आईचा हात सुटला", "तुझ्या वाटणीचा आंबा दादानं खाल्ला". मूल प्रसंगातून भावनेकडे जातं.

आता सगळ्यांत अवघड भाग, तो म्हणजे आपण गप्प राहणं. "हा का घेतलास?" विचारू नका. "का" म्हटलं की मुलाला वाटतं चुकलं, आणि ते लगेच चिंधी बदलतं. मी हे वापरते:

"ह्या रंगाचं सांग ना मला."
"हा रंग अजून कुठं कुठं बघितलास?"
"तुझ्या अंगात कुठं आहे तो?"

दुसऱ्या प्रश्नातून खूप काही बाहेर पडतं. पांढरा घाबरवणारा, कारण इंजेक्शनवाल्या डॉक्टरांचा कोट. पिवळा रडवणारा, कारण पहिल्या दिवशी स्कूलबस पिवळी होती. काळा एकदम आवडता, कारण घरच्या म्हशीचा रंग. उत्तर आलं नाही तर "बरं" म्हणून सोडून द्यायचं. चिंधी उचलली एवढंही पुष्कळ झालं.

तिसऱ्या प्रश्नासाठी वर्तमानपत्रं चिकटवून मुलाला त्यावर झोपवा आणि खडूनं त्याच्याभोवती रेघ मारा. तयार झालेल्या त्या माणसात रंग भरायचे, जिथे जे वाटतं तिथे. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी एका मुलानं पोट जांभळं केलं, पाय पिवळे केले. पोटात भीती होती आणि पायांना नाचायचं होतं. मी तोपर्यंत मुलांना "एका वेळी एकच भावना सांग" असं शिकवत होते. ते त्या दिवशी सुटलं.

फिकट आणि गडद: इथे रेंगाळा

माझ्या मते रंगाच्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. लाल की निळा यावर मुलं एकमत होत नाहीत, पण हलकं आणि जोरकस यावर होतात. रंगांवर काम करणारे अभ्यासकही सांगतात की भावनेवरचा परिणाम रंगाच्या जातीपेक्षा त्याच्या उजळपणावर आणि गडदपणावर जास्त ठरतो.

एकच खडू घ्या. अगदी हलक्या हातानं फिरवा: हा थोडासा राग. जरा दाबून: हा मोठा राग. कागद फाटेल इतका दाबून: हा आदळआपट करणारा राग. मुलांचा हात आपोआप जोर लावतो आणि जोर लावताना थोडा रागही निघून जातो.

मराठीत यासाठी तयार शिडीच आहे. लालसर, लाल, लालभडक. पिवळसर, पिवळा, पिवळाधमक. हिरवट, हिरवा, हिरवागार. ही शिडी मुलांच्या तोंडात बसली की ती भावनांनाही लावतात. आमच्याकडची एक मुलगी एकदा म्हणाली, "ताई, मला राग नाही आला, रागसर आलाय." व्याकरणाला काय वाटेल ते वाटो, आमच्या वर्गात तो शब्द कायम झाला. ज्या मुलाला "रागसर" म्हणता येतं त्याच्यापाशी अजून वेळ असतो. लालभडक झाल्यावर बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा शिकवू नका, नुसतं जवळ बसा.

पायरी चौथी: हळदीचा प्रयोग

मुलांचा सगळ्यांत आवडता तास हाच. भावना येते, बदलते, जाते, हे तीन वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगून समजत नाही. हळद ते दाखवते.

अर्धा कप पाण्यात अर्धा चमचा हळद कालवा. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. दुसऱ्या वाटीत साबणाचं पाणी. कपडे धुवायची किंवा अंगाची वडी जराशी घासून मोठ्या माणसानं ते करून ठेवायचं. हात धुवायचा पातळ साबण घेऊ नका, त्यानं पुष्कळदा रंग बदलतच नाही. खायचा सोडा चालतो, पण रंग जरा फिकाच चढतो. तिसऱ्या वाटीत लिंबाचा रस. चुना मात्र मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. हळद लाल होते ती त्यानंही, कुंकू परंपरेनं तसंच करतात, पण चुन्यानं कातडी आणि डोळे भाजतात.

आता गोष्ट सांगायला लागा. "हा पट्टीबुवा. मजेत खेळत होता. पिवळाधमक. तेवढ्यात कुणीतरी त्याची गाडी हिसकावली." साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट पट्टीवर फिरवा. पिवळ्याचा तांबडा होतो. मुलं ओरडतात. "आता काय करायचं?" लिंबाचा थेंब टाका, पट्टी पुन्हा पिवळी. हळदीतला पिवळा पदार्थ आम्लात पिवळा राहतो आणि अल्कलीत तांबडा होतो, एवढंच त्यातलं शास्त्र. मोठ्या भावंडांना ते सांगा, धाकट्यांना जादूच राहू द्या.

नंतर प्रत्येकाला विचारा, "तुझं लिंबू काय?" कुणाचं लिंबू म्हणजे आईची मांडी, कुणाचं पाणी पिणं, कुणाचं पटांगणाला दोन फेऱ्या, कुणाचं पलंगाखाली जाऊन बसणं. ही उत्तरं लिहून ठेवा, पुढे वर्षभर उपयोगी पडतात. मूल चिडलं की "शांत हो" म्हणण्यापेक्षा "लिंबू हवंय का?" विचारणं कितीतरी सोपं जातं.

दोन सूचना. तांबडी पट्टी म्हणजे वाईट पट्टी असं बोलण्यात येऊ देऊ नका. गाडी हिसकावल्यावर राग येणारच. आणि कपडे जुने घाला. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, आणि दर वर्षी कुणाची तरी आई हा कसला रंग लावलात म्हणून विचारायला येते. धुऊन उन्हात टाकला की तो हळूहळू उडतो.

पायरी पाचवी: रोजची दोरी

दाराजवळ मुलांच्या उंचीवर एक दोरी बांधा. प्रत्येकाचा एक चिमटा, त्यावर नाव किंवा चित्र. खाली चिंध्यांची टोपली. येताना ज्याला वाटेल त्यानं आजचा रंग चिमट्याला लावायचा. दोन मिनिटांचं काम. दोन चिंध्या लावल्या तरी चालतील. दुपारी बदलली तर उत्तमच.

टोपलीत एक कोरी, न रंगवलेल्या मांजरपाटाची चिंधी असू द्या. तिचा अर्थ "आज सांगायचं नाही". ही चिंधी लावणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. ही सोय नसेल तर दोरीची हजेरी होते आणि मुलं कालचाच रंग लावून मोकळी होतात. सगळ्यांसमोर "आज हिचा काळा का बरं?" असं तर कधीच नको. ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्या शेजारी नंतर जाऊन बसा.

घरी दोरी नको. शाळेतून आल्या आल्याही नको, तेव्हा मूल थकलेलं आणि भुकेलेलं असतं. रात्री अंथरुणात, दिवा मालवल्यावर, "आज कोणता रंग होता रे?" एवढं पुरतं. अंधारात मुलं जास्त बोलतात. आपलाही रंग सांगावा: "माझा राखाडी. ऑफिसात खूप काम होतं." पण "तू त्रास दिलास म्हणून माझा काळा" हे रंगांच्या पांघरुणाखालून दिलेलं रागावणंच झालं. मुलांना ते बरोबर कळतं.

काळ्या रंगाविषयी

यावर मी जरा हट्टी आहे. भीती काळी, वाईट काळं, राक्षस काळा असं आपण नकळत सांगत सुटतो, आणि त्याच वर्गात एखाद्या सावळ्या मुलीला तिच्या रंगावरून कुणीतरी चिडवत असतं. हे दोन्ही मुलाच्या मनात एकत्र येतं. म्हणून काळ्याच्या चांगल्या गोष्टी मुद्दाम समोर ठेवा. विठोबा सावळा. संक्रांतीला काळी साडी, काळं झबलं आणि हातात तिळगूळ. बाळाच्या गालावरची तीट. काळी कसदार जमीन. आणि जूनमधला काळा ढग, ज्याची शेतकऱ्याच्या घरी वाट बघतात. नाट्यशास्त्रातही भयानकाला काळा दिला, पण प्रेमाच्या शृंगाराला सावळा श्यामच दिला.

खडूंच्या डबीतल्या फिकट गुलाबीसर खडूला बरीच मुलं "स्किन कलर" म्हणतात. "कुणाच्या स्किनचा?" असं विचारून सगळ्यांचे हात शेजारी शेजारी ठेवायला लावा. एका वर्गात सात-आठ छटा निघतात. मग तपकिरी, पिवळा, पांढरा मिसळून आपापला रंग तयार करायचा. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

मूल सतत काळ्यानं चित्रं काढतंय म्हणून आईवडील घाबरून येतात. १९९४ साली अमेरिकेत पाच आणि साडेसहा वर्षांच्या साठ मुलांचा अभ्यास झाला होता. उजळ रंगांना मुलांनी एकूण चांगल्या भावना जोडल्या, गडद रंगांना कमी, पण गडद रंगांत चांगलं बघणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगे जास्त निघाले. म्हणजे एका रंगावरून निदान करायला जाऊ नये. आमच्याकडे महिनाभर काळ्यानंच काढणाऱ्या मुलाच्या डबीत बाकीचे खडू मोडलेले होते.

काळजी करायची ती वागण्यावरून. खाणं-झोप बिघडली, खेळणं थांबलं, आधी बोलणारं मूल गप्प झालं आणि हे दोन-तीन आठवडे चाललं, तर चिंध्या बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मराठीत बोलता येतं.

आणखी काही बारीकसारीक

मूल लाल आणि हिरव्यात सारखं गोंधळत असेल तर त्याला ढ समजू नका. रंगांधळेपणा असू शकतो. तो मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त आढळतो आणि बहुधा आईकडून येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि चिंध्यांचे पोत वेगळे ठेवा: खादी, रेशीम, मखमल, गोणपाट. खरं तर हे सगळ्यांसाठीच करावं. गोणपाट हातात घेऊन "आज मला असं वाटतंय" म्हणणाऱ्या मुलाला रंगाची गरजच पडत नाही.

गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा हे वर्गात आलं की हसून उडवून लावा, व्याख्यान नको. फेटे सगळ्या रंगांचे असतात, एवढं म्हटलं तरी पुरे.

सणवारांचा उपयोग करून घ्या. रंगपंचमीला एकाच रंगानं एक मूल खिदळतं आणि दुसरं ओट्यावर चढून बसतं. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनाही बोलू द्या. हळदीच्या पिवळ्यानं कुणाला ताईचं लग्न आठवतं, कुणाला जेजुरीचा भंडारा, कुणाला गुडघा फुटल्यावर आजीनं दाबलेली हळद.

आणि किती दिवसांत जमेल असं विचारू नका. आमच्या वर्गात दोरीवर खरे रंग यायला दोन महिने लागले. तोवर मुलं जी चिंधी चकचकीत असेल तीच लावत होती.

ती एस.टी.वाली मुलगी दिवाळीनंतर एकदा धावतच आत आली आणि टोपली उलटी करून चिंध्या धुंडाळायला लागली. आजी परत आली होती. मला वाटलं पिवळी शोधतेय. तिनं लालच काढली, चिमट्याला लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एस.टी.नंच आणली ना."